लाइन सांगा

१

वस्तीला धड नाव नव्हतं. एके काळी तिथं रेल्वेचं फाटक होतं, म्हणून सगळे तिला गेटाची वस्ती म्हणायचे. फाटक निघून बारा वर्षं झाली, नाव तेवढं मागं राहिलं. चौदा घरं, एक लिंब, दोन बोअर आणि माणसांच्या चौपट शेळ्या-मेंढ्या. शाळा, दवाखाना, किराणा आणि मंठ्याची बस मात्र लाइनीच्या पल्याड, मोठ्या गावात. राहायचं अल्याड आणि लागेल ते सगळं पल्याड, असा तो संसार होता.

फाटकाच्या बदल्यात अर्ध्या कोसावर लाइनीखालून पूल झाला होता. पण जमीन काळी, पाझराची. दिवाळी सरली तरी पुलाखाली मांडीइतकं पाणी, आणि त्या पाण्यात काय काय असेल ते देवच जाणे. तेव्हा लोक सरळ रूळ ओलांडून जायचे-यायचे. जाताना अडचण नव्हती. वस्तीच्या बाजूनं दोन्हीकडची लाइन लांबवर दिसायची. अडचण होती ती येताना. पल्याडच्या अंगाला एक टेकाड लाइनीला खेटून उभं होतं आणि परभणीकडची गाडी त्याच्याआडून एकदम अंगावर यायची. डिझेल इंजिन होतं तोवर ते गावभर बोंबलत यायचं. आता तारा आल्या, विजेचं इंजिन आलं, आणि गाडी मांजराच्या पावलानं येऊ लागली.

म्हणून वस्तीनं आपला एक कायदा केला होता. येणाऱ्यानं टेकाडाच्या पायथ्याशी थांबायचं आणि हाक द्यायची, "लाइन सांगा!" अल्याड पहिलं घर कडूबाईचं. तिनं वट्यावर येऊन दोन्हीकडं बघायचं आणि सांगायचं, "मोकळी हाय, ये!" नाहीतर, "थांब!" उत्तर आल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि उत्तर देणाऱ्यानं हाक कुणाची ते बघत बसायचं नाही, फक्त लाइन बघायची. वैऱ्यानं विचारलं तरी खरं सांगायचं. या कामावर कडूबाईला कुणी नेमलेलं नव्हतं. घर पहिलं म्हणून ते तिच्या गळ्यात पडलं आणि पुढं अंगवळणी पडलं. बारा वर्षांत वस्तीतली कोंबडीसुद्धा कापली गेली नाही, हे ती पाहुण्यारावळ्यांना आवर्जून सांगायची. सांगताना जराशी फुगायची, पण तेवढा तिचा हक्कच होता.

त्या रविवारी दुपारी बाराच्या सुमाराला ती वट्यावर मूग पाखडत बसली होती. हाक आली.

"आत्या, लाइन सांगा!"

सुनेचा आवाज. वर्षाराणीचा. कडूबाईनं मान उचलून डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, "मोकळी हाय, ये!" म्हणाली आणि परत सुपात डोकं घातलं.

पीठ लागलेल्या हातांनी वर्षाराणी घरातून दारात आली.

"कुनाला बोलावून राह्यल्या, आत्या? जेवायला कुनी येतंय का? एक भाकर वाढीव टाकू का?"

२

कडूबाईनं टेकाडाकडं बघितलं. पायथ्याशी कुणी नव्हतं. ऊन होतं, घाणेरीची झुडपं होती, आणि पायवाट होती.

"तू पल्याड गेल्तीस ना?" तिनं विचारलं.

"मी? आज रविवार हाय, आत्या. अंगनवाडी बंद. सकाळपासनं तुमच्या म्होरंच तर हाय मी."

खरंच होतं ते. सकाळी दोघींनी मिळून गोधड्या धुतल्या होत्या. कडूबाईनं सूप खाली ठेवलं आणि उगाचच हसली. आतून नवरा राधाकिसन ओरडला, "कान गेले आता हिचे! डोळे तर आधीच गेल्ते, न्हाईतर माझ्याशी लगीन केलं असतं का?" तिघंही हसले आणि जेवायला बसले.

जेवताना तिनं मनाची समजूत घातली. टेकाडाला आवाज आपटून येतो. पल्याड कुणी बाई आपल्या आत्याला हाक मारत गेली असेल. आजकालच्या पोरी मोबाइलवर स्वतःचेच आवाज भरून ठेवतात आणि कुठंही वाजवतात. कारणं हवी तेवढी होती. पण त्या आवाजात "सांगा" म्हणताना शेवटी जो हलका हेल होता तो जाफराबादकडचा होता, सुनेच्या माहेरचा, आणि तो वर्षाराणीखेरीज वस्तीत दुसऱ्या कुणाचा नव्हता.

कडूबाईला पोटची मुलगी नव्हती. एकुलता एक सुग्रीव जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात, पंधरा दिवसांनी एकदा घरी. चार वर्षांपूर्वी ही पोरगी लग्न होऊन आली आणि महिन्याभरात सासूच्या केसांना तेल लावायला लागली. मोठ्या गावातल्या अंगणवाडीत तिला मदतनिसाचं काम लागलं तेव्हा सुग्रीव म्हणाला होता, "आई, रोजचं रूळ वलांडनं हाय. तिला तुझ्या भरवशावर धाडतो." त्या दिवसापासून लाइन बघणं हे कडूबाईला काम राहिलं नव्हतं. तो तिच्या जिवाचा घोर झाला होता. रोज दुपारी एकला पोरगी वट्यावर येऊन चपला काढायची, तेव्हा कुठं तिच्या घशाखाली घास उतरायचा.

३

सोमवारी वर्षाराणी कामावर गेली. राधाकिसन मेंढरं घेऊन ओढ्याकडं गेला. कडूबाई वट्यावर एकटीच होती. बाराला हाक आली.

"आत्या, लाइन सांगा!"

डावीकडं बघ, उजवीकडं बघ. "मोकळी हाय, ये!"

तोंडातून शब्द गेल्यावर तिला कळलं की वर्षाराणीला यायला अजून तास आहे. तिनं पायथ्याकडं पाहिलं. कुणी नाही. सवय अशी असते; जीभ पुढं आणि अक्कल मागं.

मग गिट्टी वाजली. लाइनीच्या पल्याडच्या अंगाला, खर्र, खर्र, माणूस चढतं तशी. थांबली. जरा वेळानं अल्याडच्या अंगाला वाजली, माणूस उतरतं तशी. रूळ उन्हात चमकत होते आणि त्यांच्यावर चिमणीसुद्धा नव्हती.

लिंबाखाली तीन शेळ्या बांधलेल्या होत्या. त्या चरायच्या थांबल्या. तिघींनी एकदमच माना लाइनीकडं वळवल्या. आणि कडूबाईच्या देखत त्या माना हळूहळू फिरू लागल्या. लाइनीपासून पायवाटेवर, पायवाटेवरून अंगणात, अंगणातून वट्याकडं. घरात येणाऱ्या माणसाकडं जनावर बघतं तशा. कडूबाईच्या अगदी बाजूनं, हातभर अंतरावरून, त्या नजरा पुढं सरकल्या आणि दारावर जाऊन थांबल्या.

तिनं मान वळवून दारात बघितलं. आत चूल, मांडणी, खुंटीवरचा राधाकिसनचा सदरा. सगळं जागच्या जागी. तरी उठून आत जायचं धाडस तिला झालं नाही. ती तशीच बसून राहिली आणि शेळ्या पुन्हा चरायला लागल्यावर तिला आपल्याच भित्रेपणाचा राग आला.

एक वाजता पुन्हा हाक आली. या वेळी तिनं कायदा मोडला. आधी हाक मारणारीकडं बघितलं. निळी साडी, खांद्याला पिशवी, वर्षाराणी उभी होती. मग लाइन बघितली, मग उत्तर दिलं.

"आज लई टाइम लावला सांगायला," वर्षाराणी चपला काढता काढता म्हणाली. "गाडी येत व्हती का?"

"न्हाई गं," कडूबाई म्हणाली. "तुलाच बघत व्हते."

४

मंगळवारी सकाळी ती मागच्या घरच्या नूरबीकडं गेली. नूरबी गोधड्या शिवायची. तिचं लग्न आणि कडूबाईचं लग्न एकाच उन्हाळ्यातलं, आणि दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे. कडूबाईनं सगळं सांगितलं. वाटलं, नूरबी हसेल, चहा पाजेल आणि घरी पाठवेल.

नूरबीनं सुई कापडात टोचून ठेवली.

"एक इचारू? राग नको येऊ देऊ. परवा बी मी ह्याच जागेवर बसल्ते, काल बी बसल्ते. तुझं उत्तर मला बराबर ऐकू आलं. मोकळी हाय, ये. पन त्याच्याआधी हाक काही आली न्हाई बिलकुल. मी यांना म्हनले बी, कडूबाई दुपारची कुनाला बोलावून राह्यली?"

कडूबाईनं भिंतीला हात टेकला. ती खाली बसली.

"तू उत्तरच देऊ नको," नूरबी म्हणाली. "कुनी बोलावलं तरच पाव्हना येतो ना? तू बोलावूच नको."

"आन् खरीखुरी पोरगी उभी असली तर? कटाळून तिनं पाऊल टाकलं तर?"

 नूरबीनं कडूबाईचा हात घट्ट धरला.

त्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी होती, एवढं बरं होतं. बारा वाजायच्या आधी कडूबाईनं सुनेला वट्यावर आपल्यासमोर बसवलं आणि तिच्यापुढं मेथीची जुडी टाकली. पोरगी डोळ्यांसमोर आहे, मग हाक कुणाचीही येईना का. आणि जीभ पुन्हा दगा देईल म्हणून तिनं पदराचा बोळा करून तोंडात धरला.

"आत्या, लाइन सांगा!"

वर्षाराणी मेथी निवडत होती. तिनं मानही वर केली नाही. तिचे ओठ मिटलेले होते.

"आत्या, सांगा की लाइन!"

कडूबाईनं दात आवळले.

"आत्या, ऊन लागून राह्यलं. कवाची उभी हाय मी. सांगा ना!"

असा तो काकुळतीचा आवाज, की समोर सून बसलेली दिसत असूनही कडूबाईचा जीव तुटला. ताप आला की ही पोरगी अशीच बोलायची. कडूबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण तिनं बोळा सोडला नाही.

तेवढ्यात घरातून, तिच्या पाठीमागून, एक बाई मोठ्यानं म्हणाली, "मोकळी हाय, ये!"

"आता कोन येतंय, आत्या?" वर्षाराणीनं विचारलं आणि वर बघितलं. तिला सासूच्या तोंडातला पदर दिसला. हातातली मेथी तिच्या मांडीवर पडली.

 तो आवाज कडूबाईचा होता. जरा घोगरा, शेवटी वर चढणारा. बारा वर्षं वस्तीनं ऐकलेला.

मग एकमेकींचा हात धरून त्या आत गेल्या. घर ते केवढं! एक खोली आणि एक चूल. दाराआड बघितलं, कणगीमागं बघितलं, खाटेखाली बघितलं. कुणीच नव्हतं. लाइनीवर गिट्टी वाजत होती, खर्र, खर्र, आणि ती ऐकायला या वेळी दोघी होत्या.

५

"उद्या जाऊ नको," कडूबाई रात्रभर म्हणत राहिली. पण खिचडीच्या कोठीची चावी वर्षाराणीपाशी होती, आणि चाळीस लेकरं उपाशी ठेवायची ती तयार नव्हती. पुलाखालून ये म्हणावं तर त्या पाण्यात मागच्याच आठवड्यात साप निघाला होता. शेवटी सासूनं दुसरी तोड काढली.

"हे बघ, आता हाक न्हाई आन् उत्तर न्हाई. मी सोता लाइनीपाशी येऊन उभी राहीन. हात वर असला की थांबायचं. खाली केला की यायचं. आवाज कुनाचा बी येऊ दे, माझा बी येऊ दे, तू माझ्या हाताकडं बघ. शपथ घे माझी."

वर्षाराणीनं शपथ घेतली. कालपासून तीही हसायची थांबली होती.

राधाकिसनचा पाय मुरगळला होता म्हणून बुधवारी तो घरीच होता. बायकोचा सगळा बेत ऐकून तो म्हणाला, "मन चिंती ते वैरी न चिंती, म्हनत्यात ते काय खोटं न्हाई. जा बाई, उभी राहा झेंडी घेऊन. येऊन जेवायला वाढ म्हंजी झालं."

"पोरगी आली की वाढते," ती म्हणाली.

बाराला हाक आलीच नाही. ही शांतता कडूबाईला हाकेपेक्षा वाईट वाटली.

पाऊण वाजता ती लाइनीच्या कडेला, गिट्टीच्या खाली जाऊन उभी राहिली. घर पाठीमागं पन्नास पावलांवर. एक वाजता पायवाटेवर निळी साडी दिसली. वर्षाराणी पायथ्याशी आली आणि थांबली. कडूबाईनं परभणीकडं बघितलं. टेकाडापलीकडं मालगाडी येत होती, लांबलचक, कोळशाची, आवाज न करता. पोरीला ती दिसणं शक्यच नव्हतं. कडूबाईनं हात वर केला. बोटं फाकवून, जेवढा ताणता येईल तेवढा.

वर्षाराणी तिच्याकडं बघत नव्हती. तिची नजर कडूबाईच्या डोक्यावरून पाठीमागं, घराकडं गेली होती. तिचा चेहरा मोकळा झाला. उत्तर मिळाल्यावर माणूस जसं मान हलवतं तशी तिनं मान हलवली, आणि पदर खोचून ती गिट्टीवर चढली.

"थांब!" कडूबाई किंचाळली. "वर्षे, थांब! माझ्याकडं बघ!"

मधे गाडी आली.

६

डब्यामागून डबे जात होते. कडूबाई ओरडत होती, पण तिचं तिलाही ऐकू येत नव्हतं. तिनं कपाळ बडवून घेतलं, विठोबाला, बिरोबाला, जो आठवला त्या देवाला हाक मारली. सुग्रीवला काय तोंड दाखवू, एवढंच तिच्या मनात फिरत होतं. शेवटचा डबा गेला आणि तिनं डोळे उघडले.

वर्षाराणी पल्याडच्या गिट्टीवर बसली होती. एक चप्पल सुटली होती, पिशवी पडली होती, पण पोरगी धड होती. जिवंत होती.

कडूबाईनं दोन्हीकडं बघितलं आणि रूळ ओलांडून धावत सुटली. बारा वर्षांत तिच्यावर पल्याडून यायची वेळ क्वचितच आली होती, पण परत कसं यायचं हा विचार आता कुणाला सुचणार? तिनं सुनेला कवटाळलं, तोंडावरून, हातांवरून, पाठीवरून हात फिरवला. अंग गरम होतं, घामानं भिजलं होतं, थरथरत होतं. हीच माझी पोर. असा आनंद तिला सुग्रीव जन्मला तेव्हासुद्धा झाला नव्हता.

"तुमी वट्यावरून मोकळी म्हनल्या," वर्षाराणी रडत म्हणाली. "पदर डोईवर घेऊन, हात खाली करून उभ्या व्हत्या. मी निघाले. मंग खाली बघते तर तुमी लाइनीपाशी बी उभ्या, हात वर केलेल्या. म्हनून पाय मागं घेतला. आत्या, तुमी दोन ठिकानी कशा हो?"

"चल घरी," कडूबाई म्हणाली. "आधी घरी चल." तिनं पिशवी उचलली, पोरीचं मनगट धरलं आणि घराकडं तोंड केलं.

वट्यावर राधाकिसन जेवायला बसला होता.

त्याच्यासमोर एक बाई वाकून भाकर वाढत होती. पदर डोईवर, कमरेत जराशी डावीकडं कललेली. कडूबाईनं स्वतःला असं पाठमोरं कधी बघितलेलं नव्हतं, पण ओळख पटायला तेवढंही लागलं नाही. पायरीवर निळ्या साडीतली दुसरी एकजण चपला काढत होती. ती काहीतरी बोलली आणि राधाकिसन मोठ्यानं हसला. लिंबाखाली शेळ्या खुशाल चरत होत्या.

वर्षाराणीचं मनगट कडूबाईच्या मुठीत गार पडलं.

"आत्या," ती पुटपुटली, "आपल्या घरात कोन हाय?"

कडूबाईनं पाऊल उचललं आणि मागं घेतलं. धावत जावं म्हटलं तर टेकाडाआडची लाइन इथून दिसत नव्हती, आणि पोरगी हाताशी होती. तिला एकच गोष्ट येत होती. जी सगळेच रोज करत होते आणि जी करायची वेळ तिच्यावर क्वचितच आली होती. तिनं छाती भरून हाक दिली.

"अवो! लाइन सांगा!"

राधाकिसनचा घास हातातच थांबला. त्यानं ऐकलं होतं. तो उठला, लंगडत वट्याच्या टोकाला आला, उष्टा हात बाजूला धरून दुसरा हात कपाळावर घेतला. त्यानं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग पायथ्याकडं, नेमकं त्या दोघींच्या तोंडाकडं बघितलं. कडूबाईनं दोन्ही हात हलवले. वर्षाराणीनं "मामा! मामा!" म्हणून टाहो फोडला.

तो डोळे बारीक करून उभा राहिला, माणूस रिकाम्या वाटेकडं बघतं तसा.

"कोन हाक मारून राह्यलं गं?" त्यानं आत विचारलं. दुपारच्या शांततेत ते पल्याड स्वच्छ ऐकू आलं.

"कुनी न्हाई," कडूबाईचा आवाज घरातून म्हणाला. "भाकर गार होतीय. जेवा तुमी."

तो वळला आणि जेवायला बसला.